थोरल्या घरच्या इंदूबाई

शाळेत रुजू झालो त्या दिवशी इंदूबाईंनी मला ना माझी पदवी विचारली ना माझं गाव. शिक्षकांच्या खोलीत मी बसायला खुर्ची शोधत होतो. तेवढ्यात त्या हजेरीपट काखेत मारून घाईघाईने आत आल्या आणि म्हणाल्या, "नवे गणिताचे सर ना? तुमच्या आईच्या आईचं नाव काय?"

मी गडबडलो. आजीला मी आयुष्यभर आजीच म्हणत आलो होतो. नाव माहीत नाही म्हटल्यावर बाई म्हणाल्या, "उद्या सांगा," आणि तासाला निघूनही गेल्या. संध्याकाळी मी सांगलीला आईला फोन लावला. आई आधी दचकली, तिला वाटलं पोरगं नव्या गावात आजारी पडलं. मग म्हणाली, "कृष्णाबाई. पण तुला कोणी विचारलं रे?" आणि त्यानंतर ती अर्धा तास आजीबद्दल बोलत राहिली. त्यातलं निम्मं मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

पुढे कळलं, की हा प्रश्न पाचवीत आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी विचारला जातो. रेवदंड्याच्या अलीकडे, खाडीच्या काठावरची आमची शाळा. मुलं बहुतेक आगरी घरांतली. आजे मिठागरावर राबलेले, बाप आता ट्रेलर नाहीतर डंपर चालवणारे. ही पोरं आजोबाच्या आजोबापर्यंतची नावं धडाधड म्हणायची आणि आईच्या आईपाशी येऊन तोंड उघडं ठेवून उभी राहायची. इंदूबाई रागवायच्या नाहीत. फक्त "उद्या" म्हणायच्या, आणि उद्या खरोखर विचारायच्या. गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांची नावं त्यांच्या नातवंडांना अशी शाळेमुळे कळली.

इंदूबाई पाटील इतिहास शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे चालायच्या. फळ्यापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून दारापर्यंत, आणि विषय रंगात आला की दाराबाहेर व्हरांड्यातसुद्धा. अर्धं वाक्य माझ्या वर्गातल्या मुलांना ऐकू यायचं आणि त्यांच्या माना वळायच्या. डबा त्या उभ्याने खायच्या, तोही दुसऱ्याच्या वह्या चाळत. एका जागी पाच मिनिटं बसवलं तर पदराचं टोक बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या. मला शांत माणसं आवडतात. पहिलं वर्षभर या बाईंनी मला अगदी वात आणला, हे कबूल करतो.

त्यातून फळ्याचं भांडण. त्यांच्यानंतर नववीवर माझा तास असे. मी जावं तर फळाभर वंशवृक्ष, फांद्यांवर फांद्या, आणि कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत 'पुसू नये'. मी दोन दिवस भिंतीवर कागद चिकटवून भूमिती शिकवली. तिसऱ्या दिवशी सरळ डस्टर फिरवला. मधल्या सुट्टीत बाई तावातावाने आल्या.

"सर, तुम्ही अ‍ॅन पुसलीत."

"कोण अ‍ॅन?"

मग तिथेच, माझा चहा निवेपर्यंत, त्यांनी मला अ‍ॅन सांगितली. सहाशे वर्षांपूर्वीची इंग्लंडमधली एका सरदाराची मुलगी. एका जुन्या राजाच्या दुसऱ्या मुलाला एकच लेक होती. त्या लेकीच्या मुलाची ही मुलगी. गादी मात्र तिसऱ्या मुलाच्या घराण्याने बळकावलेली. अ‍ॅनला आयुष्य मिळालं जेमतेम वीस-बावीस वर्षांचं. मुलगा झाला आणि थोड्याच दिवसांत ती गेली. तिने लढाई केली नाही, राज्य केलं नाही. पण तो मुलगा मोठा झाल्यावर म्हणाला, गादी माझी, कारण माझी आई थोरल्या घरची. त्यापायी देशभर लढाया झाल्या आणि तिचा नातू राजा झाला.

"आणि पुस्तकात तिला किती जागा? अर्धी ओळ," बाई म्हणाल्या. "सगळा वृक्ष तिच्या एकटीवर उभा आहे. ती काढली की खाली कोसळतं सगळं. आणि तुम्ही डस्टर मारलात."

मी म्हटलं, "बाई, मी पायथागोरससाठी मारला." त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र त्या फळ्याचा डावा अर्धाच वापरू लागल्या.

एकदा तपासणीला साहेब आले. नेमका अ‍ॅनचाच तास चालू होता. साहेबांनी शेवटच्या बाकावर बसून दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "बाई, हे कोणत्या इयत्तेच्या अभ्यासक्रमात आहे?" बाई चालता चालताच म्हणाल्या, "कुठल्याच नाही साहेब. म्हणून तर मी शिकवते." मुख्याध्यापकांच्या कपाळाला घाम फुटला. साहेब भला माणूस. जाताना त्यांनी शेऱ्यात लिहिलं, 'शिक्षिका उत्साही आहेत.'

बाईंना अ‍ॅनचा एवढा पुळका का, हे मला त्यांचे वडील गेल्यावर उमगलं.

हरीनाना म्हणजे गावातल्या थोरल्या घरचे शेवटचे पुरुष. गावदेवीची चैत्रात जत्रा भरते. पालखी उठायच्या आधी गुरव देवळाच्या पायरीवरून हाक घालतो, "थोरलं घर!" मग त्या घरच्या कर्त्या माणसाने पुढे होऊन पहिला खांदा द्यायचा, आणि त्यानंतरच बाकीच्यांनी पालखीला हात लावायचा. नानांनी पन्नास वर्षं तो खांदा दिला. लेक एकच, इंदू. तिने लग्न केलं नाही, शेवटपर्यंत बापाला सांभाळलं. नाना गेल्यावरच्या जत्रेत गुरवाने थोरल्या घराला हाकच घातली नाही. सरळ म्हणाला, "धाकटं घर!" आणि त्या घरचे बाळारामशेठ पुढे झाले.

बाई तिथेच होत्या, नव्या साडीत. सकाळपासून उपाशी. दुसऱ्या दिवशी शाळेत आल्या तेव्हा आवाज बसला होता. म्हणाल्या, "सर, मी जिवंत आहे आणि माझं घर संपलं म्हणून जाहीर झालं."

त्या दिवसापासून त्यांना एकच ध्यास लागला. पहिला खांदा आपण द्यायचा. पंचांकडे अर्ज, मग बैठक, मग पुन्हा अर्ज. बाळारामशेठ हा काही दुष्ट माणूस नव्हे. दहा-बारा ट्रेलर होते, बोलायला गोड, शाळेला पंखे त्यांनीच दिलेले. ते बैठकीत एवढंच म्हणाले, "बाई, लेकीला मान गेल्याचा एक तरी दाखला दावा. मी सोता बाजूला व्हईन."

दाखला शोधता शोधता दोन वर्षं गेली. बाई बेचैन, आणि त्यांच्यामुळे मीही. स्कूटर माझी, त्यामुळे रविवार त्यांचा. दर वेळी मागे बसून त्या माझ्या खांद्यावर बोटं वाजवत राहायच्या, "चला सर, चला." कागदांत काहीच सापडलं नाही. वंशावळीत लेकी लिहायची पद्धतच नव्हती.

शेवटी कोणीतरी गोमाबायचं नाव घेतलं. गोमाबाय धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन लग्न लावते ती धवलारीण. गाण्यात ती घराच्या पूर्वजांना नावं घेऊन मांडवात बोलावते, पुरुषांना आणि बायकांनाही. अर्ध्या गावाची लग्नं गोमाबायने लावली होती. आता नव्वदीला टेकलेली, डोळ्यांनी अधू, ओटीवर सुकटी निवडत बसलेली. इंदूबाईंनी विचारताच तिने डोळे मिटले आणि ओठांतल्या ओठांत गुणगुणत नावं मोजायला लागली. मग थांबली.

"तुझी पणजी भीमाबाय. ती या घरचीच लेक. पाठीवं भाव व्हता तिला, पन थोरली ती. बापसानं घरजावाय आणला आन् मान तिला दिला. तिचा तां थोरला घर. भावाचा तां धाकटा घर."

बाई उठून ओटीवर येरझाऱ्याच घालायला लागल्या. दाखला तर मिळालाच होता, वर धाकटं घर धाकटं का, याचाही उलगडा झाला होता. गावातलं थोरलं घरच मुळी थोरल्या लेकीचं होतं. मलाही आनंद झाला. मी निघायला उठलो.

गोमाबाय म्हणाली, "आन् तसा बगला तर तुज्या बापसापरीस यशोदा थोरली."

"कोण यशोदा?"

"तुजी आत्या गो. तुला न्हाय ठाव?"

बाईंना ठाऊक नव्हतं. हरीनानांची थोरली बहीण यशोदा विशीत असताना आगरदांड्याच्या एका कोळी नाखव्याबरोबर निघून गेली होती. घरच्यांनी खाडीवर जाऊन तिच्या नावाने अंघोळ केली, म्हणजे ती मेली असं ठरवलं, आणि त्यानंतर त्या घरात तिचं नाव कोणी काढलं नाही. नानांनीसुद्धा नाही. बाई ओटीच्या पायरीवर बसल्या. त्यांचा चेहरा बघवेना.

"सगळ्या गावाला विचारलं मी," त्या म्हणाल्या. "घरात नाही विचारलं."

गोमाबाय सुकटी निवडतच म्हणाली, "भीमाबायचा मी पंचात सांगीन. यशोदाचा मना कोनी इचारला न्हाय तर मी सांगनार न्हाय. तुजा तू बग."

परतताना खांद्यावर बोटं वाजली नाहीत. त्या आठवड्यात बाई शाळेत नुसत्या भिरभिरत होत्या. एका तासाला चुकून दुसऱ्याच वर्गात गेल्या. जत्रा तीन आठवड्यांवर आली होती आणि रविवारी बैठक होती. मी गणिताचा माणूस, मला त्यात पळवाट दिसली. म्हटलं, "बाई, तुमच्या अ‍ॅनच्या देशात भाऊ बहिणीच्या आधी. तो नियम धरला तर नाना आधी, मग तुम्ही. आत्याचा प्रश्नच येत नाही."

त्या थबकल्या. म्हणाल्या, "सर, मी काय इंग्लंडच्या देवीची पालखी उचलणार आहे का? इथे नियम भीमाबाईचा. तो मोडला तर बाळारामशेठचंच घर खरं." आणि लगेच, "स्कूटरमध्ये पेट्रोल आहे ना? आगरदांड्याला जायचंय."

आगरदांड्याच्या जेट्टीवर चौकशी केली तेव्हा एकाने चहाच्या टपरीकडे बोट केलं. बाई जागच्या जागी थांबल्या. शाळेची सहल दरवर्षी मुरूडवरून इथे यायची, खाडीपलीकडच्या दिघीला जाणाऱ्या बोटीची वाट बघत मुलं आणि शिक्षक याच टपरीवर थांबायचे. टपरीत साठीच्या पुढची, उंच, काळीसावळी बाई होती. इंदूबाईंनी तिला नाव विचारलं. ती पारूबाय, यशोदेची लेक.

"तुमची आई कुठे असते?"

"आय ग्येली. बारा वर्सां झाली."

"ती इथे बसायची का कधी?"

"कधी म्हंजे? तिचीच टपरी ही. मरंपावत तीच च्या करायची."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "तिच्या हातचा चहा प्यायलेय मी. दहा-बारा वर्षं. साखर कमी घाला म्हणून सांगायचे तिला."

मग त्यांनी आपण कोण ते सांगितलं, मानाचं सांगितलं, पालखीचं सांगितलं. पारूबाय पातेलं घासत ऐकत होती. तिचा हात जोरजोरात चालायला लागला. "आय दर चैतात उपास धरायची. दिसभर उनाचा जेट्टीवं हुबी र्‍हायची, तुमच्या गावच्या अंगाला हात जोडून. ती मेली तवा आम्ही सांगावा धारला व्हता तुमच्या घरी. कोन आला? कोनी न्हाय आला. आता मान देतास? मना नको तुमचा मान."

सांगावा नानांनी घेतला असणार आणि गिळून टाकला असणार.  बाईंनी हात जोडले आणि आम्ही परतलो. साळावच्या पुलावर त्यांनी मला स्कूटर थांबवायला लावली आणि दहा मिनिटं कठड्याशी नुसत्या उभ्या राहिल्या. 

रविवारच्या बैठकीत गोमाबायने भीमाबाईचं सांगितलं. तिच्या तोंडचं नाव खोटं म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती. बाळारामशेठ उठले आणि शब्दाला जागून म्हणाले, "बरा बाई. यंदाचा पयला खांदा तुमचा." देवळात टाळ्या पडल्या. ज्यासाठी बाईंनी दोन वर्षं जिवाचं रान केलं, ते त्यांच्या पदरात पडलं होतं. मी मनात म्हणत होतो, आता गप्प बसा बाई, एवढं एक वर्ष खांदा द्या, बाकीचं पुढच्या वर्षी बघू.

त्या उभ्या राहिल्या. "पहिला खांदा माझा नाही," म्हणाल्या. "नानांना थोरली बहीण होती. यशोदा. भीमाबाईचा नियम लावायचा तर मान तिचा, आणि तिच्यामागे तिच्या लेकीचा. पारू तिचं नाव."

 एक म्हातारा म्हणाला, "तिच्या नावाची अंघोळ झालीय."

"अंघोळीने माणूस मरत असता काका, तर आपलं गाव रोज सकाळी मेलं असतं."

कोणीतरी हसलं, कोणीतरी रागावलं, मग गलका झाला. तो कोळ्याच्या जातीपर्यंत गेला आणि परत फिरला. शेवटी गुरवाने तोड काढली. थोरल्या घराला यशोदेच्या नावाने तीन हाका घालायच्या. तिच्यामागचं कोणी आलं तर खांदा त्याचा. नाही आलं तर धाकट्या घराचा. बाईंनी मान हलवली. पारूबायने मान नको म्हणून सांगितलं होतं, हे देवळात आम्हा दोघांनाच माहीत होतं.

जत्रेच्या दिवशी बाई सकाळपासून वेशीपर्यंत जात होत्या आणि परत येत होत्या. दुपार कलली. पालखी सजली. गुरव पायरीवर उभा राहिला आणि त्याने हाक घातली, "थोरलं घर! यशोदा पाटलीन!" ढोल थांबले. सत्तर वर्षांत ते नाव त्या गावात मोठ्याने उच्चारलं गेलं नव्हतं. गर्दीतल्या दोन-तीन म्हाताऱ्यांनी पदर डोळ्यांना लावला. दुसरी हाक झाली. रस्त्यावर कोणी नव्हतं. बाळारामशेठ बाईंजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, तुम्हीच व्हा पुढं. मी काय बोलनार न्हाय, गावपन न्हाय बोलनार." पालखीचा दांडा हाताच्या अंतरावर होता. बाईंचा हात उचललासुद्धा गेला, मी बघितलं. मग त्यांनी तो मागे घेतला आणि मूठ आवळून पोटाशी धरली.

तिसरी हाक झाली. बाळारामशेठ पुढे झाले, पालखी उठली, ढोल वाजले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला त्यांचा रागही आला. जगात एवढं काटेकोर कोणी असू नये.

पालखी फिरून आल्यावर गावच्या लेकींना देवीपुढचा नारळ देतात. सासरी गेलेल्या प्रत्येक लेकीच्या नावाने एक. बाई रांगेत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यशोदेचा नारळ." गुरव घुटमळला. त्याने बाळारामशेठकडे बघितलं. शेठचा खांदा पालखीने लाल झाला होता. ते म्हणाले, "दे. गावची लेक हाय ती."

"चला सर," बाई म्हणाल्या.

ती आमची शेवटची फेरी. जूनमध्ये मला सांगलीकडच्या शाळेत जागा मिळाली, आणि भाद्रपदात बाई गेल्याचा फोन आला. त्यामुळे आजही इंदूबाई म्हटलं की मला ती आगरदांड्याची संध्याकाळच दिसते.

दिघीची बोट लागायच्या बेतात होती. टपरीवर गर्दी होती. बाईंनी गर्दीतून वाट काढली आणि नारळ पुढे धरला. पारूबायने एकदा नारळाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे.

"ह्यो काय?"

"तुझ्या आईचा. गावच्या लेकींना देतात. तिला कधी मिळाला नाही." बाई म्हणाल्या. "आज तिच्या नावाची हाक घातली. तीनदा. सगळ्या गावाने ऐकली."

पारूबायने स्टोव्ह बंद केला. हात लुगड्याला पुसले, पदर डोक्यावर घेतला आणि दोन्ही हातांनी नारळ घेऊन कपाळाला लावला. गिऱ्हाइकं बघत होती. बोटीची तिकिटं फाडणारा म्हातारा पलीकडून ओरडला, "पारू, च्या दे की गो! कोन आलाय?"

"थांब जरा," पारूबाय म्हणाली. "मानसा आलीत. आयच्या म्हायेरची."